‘अपघात’ आणि ‘घातपात’ : रासायनिक कारखान्यांच्या जोखीम-मूल्यमापनाची चिकित्सा

१

‘औद्योगिक सुरक्षा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे दोन अगदी निराळ्या संस्थांच्या नावांत आढळतो. ‘केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बल’ हे १९६८ च्या अधिनियमान्वये उभारलेले सशस्त्र दल होय. महत्त्वाच्या कारखान्यांचे चोर, घुसखोर व घातपाती ह्यांच्यापासून रक्षण करणे हे त्याचे कार्य. ‘औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय’ हे महाराष्ट्र शासनाचे खाते होय. यंत्रे, टाक्या व नळ सुस्थितीत आहेत किंवा नाहीत आणि कामगाराच्या जिवास त्यांपासून अपाय होणार नाही ना, हे पाहणे त्याच्याकडे असते. हाच प्रकार ‘राष्ट्रीय सुरक्षा परिषद’ ह्या नावाचा. ह्या नावाची एक संस्था १९६६ पासून कारखान्यांतील अपघात टाळण्याचा प्रचार करीत आली आहे. दुसरी १९९८ पासून पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या संरक्षणविषयक धोरणाचा विचार करते. नावावरून भेद करावयाचा म्हटल्यास तो करता येत नाही.

इंग्रजीत ह्या दोन कल्पनांसाठी दोन शब्द आहेत, म्हणून परिभाषाशास्त्राच्या दृष्टीने हा मराठीचा दोष मानला जातो. एकीसाठी ‘सुरक्षितता’ व दुसरीसाठी ‘सुरक्षा’ असे शब्द मुक्रर करावेत, असे प्रस्तुत लेखकानेही वर्गात अनेकदा सांगितले आहे. तथापि रासायनिक कारखान्यांच्या जोखीम-मूल्यमापनाविषयीचे साहित्य पाहिल्यावर ह्या मताचा फेरविचार करणे त्याला आवश्यक वाटू लागले. शब्द वेगळे केले की वस्तूही वेगळ्या झाल्या, असा एक समज त्या साहित्यात रुजलेला दिसतो, आणि त्याचे मोल कारखान्याच्या कुंपणाबाहेरील माणसाला द्यावे लागते. हे मोल कोणते, आणि दोन कल्पनांमधील भेद कोठपर्यंत मानावा व कोठे सोडून द्यावा, ह्याचा विचार करणे हा ह्या लेखाचा उद्देश आहे. रायगड जिल्ह्याचा दक्षिण किनारा, विशेषतः सावित्री नदीच्या मुखावरील हरिहरेश्वर, हे उदाहरण त्यासाठी घेतले आहे.

२

आपल्या देशातील दोन मार्गदर्शक ग्रंथांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७ साली औद्योगिक रासायनिक आपत्तींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि २००९ साली रासायनिक दहशतवादाच्या आपत्तींविषयी स्वतंत्र तत्त्वे प्रसिद्ध केली. एकाच संस्थेने दोन वर्षांच्या अंतराने दोन ग्रंथ काढावेत ह्यात वावगे काही नाही. परंतु क्लोरीनची टाकी एकच, तिच्या शेजारची वस्ती एकच, आणि टाकी फुटल्यावर धावून जाणारा तहसीलदार व डॉक्टरही तेच. झडप गंजून निकामी झाली तर पहिला ग्रंथ उघडावयाचा व ती कोणी मुद्दाम उघडली तर दुसरा, अशी ही विभागणी झाली आहे.

मराठी वृत्तपत्रांत एक ठरावीक मथळा आढळतो : ‘अपघात की घातपात?’ दोन्ही शब्दांच्या पोटात ‘हन्’ धातूपासून झालेला ‘घात’ हा एकच शब्द आहे. त्यांना वेगळे करतो तो हेतू. अपघाताला हेतू नसतो, घातपाताला असतो. मूल्यमापनाच्या पद्धतीतील खरा भेदही येथेच आहे. अपघाताच्या मूल्यमापनात नळ किती वर्षांनी फुटतो, झडप किती वेळा अडकते, ह्याची वारंवारता पूर्वानुभवावरून काढतात आणि तिची परिणामाशी सांगड घालतात. भारतीय मानक १५६५६ (२००६) हे ह्याच विषयाला वाहिलेले आहे. नळाला बुद्धी नसल्यामुळे तो कालच्यासारखाच आजही वागेल असे धरून चालता येते.

घातपाताच्या मूल्यमापनासाठी जे सूत्र प्रचारात आले ते तीन पदांचे गुणाकाररूप आहे : प्रतिपक्षाकडून असलेले भय, कारखान्याची मर्मस्थाने व संभाव्य परिणाम. जेथे घाव घातला असता सर्व शरीर कोसळते ते मर्म, हा अर्थ मराठी वाचकाला परिचित आहे. सूत्र दिसावयास नेटके आहे, पण त्याच्या पहिल्या पदात दोष आहे. मनुष्याचा हेतू मोजण्याचे कोणतेही माप आपणांपाशी नाही. शिवाय आपण एक दार बंद केले की प्रतिपक्ष दुसरे शोधतो; म्हणजे दुसरे पद बदलले की पहिले स्वस्थ राहत नाही. लुई अँथनी कॉक्स ह्यांनी २००८ साली ह्या सूत्राच्या मर्यादांवर लिहिलेल्या निबंधात ही परस्परावलंबनाची अडचण दाखवून दिली आहे. आमच्या मते त्याहून व्यावहारिक अडचण अशी की, गुणाकारात एक पद शून्याजवळ गेले की सर्व उत्तर शून्याजवळ जाते. ‘आमच्या गावी कोण येणार?’ असे मानून भयाचे पद लहान धरले, तर परिणाम कितीही भयंकर असला तरी कागदावर जोखीम अल्पच दिसते.

३

‘आमच्या गावी कोण येणार?’ हा प्रश्न श्रीवर्धन तालुक्याला दोनदा विचारला गेला आहे, आणि दोन्ही वेळा प्रथम दिलेले उत्तर चुकलेले आहे.

१९९३ च्या प्रारंभी दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. त्याच वर्षी १२ मार्च रोजी मुंबईत जे बाँबस्फोट झाले आणि ज्यांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ही स्फोटके वापरली गेली. किनाऱ्यावर चोरटा माल उतरणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट नव्हती, आणि जे घडत होते ते नेहमीच्या तस्करीच्या सदरात बसत होते. पुढे न्यायालयाने सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काहींनाही दोषी ठरविले. हेतू होता, पण तो परिचित व्यवहाराच्या आड दडलेला होता. आणि ज्यांना रक्षणाचे काम दिले होते त्यांच्यापैकीच काहींनी वाट मोकळी करून दिली होती. कुंपणाची उंची व पहारेकऱ्यांची संख्या मोजणाऱ्या मूल्यमापनाला हा धडा आहे. मर्मस्थान पुष्कळदा कुंपणाच्या आतच असते.

दुसरा प्रसंग १८ ऑगस्ट २०२२ चा. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यालगत ‘लेडी हान’ नावाची एक निर्मनुष्य नौका आढळली. तीत तीन ए. के. ४७ बंदुका व काडतुसे होती. १९९३ ची आठवण ताजी असलेल्या ह्या किनाऱ्यावर सर्वांच्या मनात एकच विचार आला व नाकाबंदी झाली. त्याच दिवशी तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी विधिमंडळात सांगितले की, ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून ती मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जूनमध्ये तिचे इंजिन बिघडले, वरील माणसांची एका कोरियन युद्धनौकेने सुटका केली, आणि नौका समुद्रात वाहत वाहत येथे आली. शस्त्रे होती, परंतु हेतू नव्हता. प्रथमदर्शनी घातपात वाटले ते अपघाताचे अवशेष निघाले.

दोन्ही प्रसंग एकत्र वाचले म्हणजे असे दिसते की, हेतूविषयीचे अनुमान दोन्ही दिशांनी चुकू शकते. ज्या पदाच्या बाबतीत इतकी चूक संभवते, त्या पदावर सर्व मूल्यमापन टांगणे शहाणपणाचे नव्हे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती निर्मनुष्य नौका प्रथम स्थानिक लोकांच्या दृष्टीस पडली व त्यांनी यंत्रणेला कळविले. किनाऱ्याचे पहिले रक्षण पाहणाऱ्या डोळ्यांनी केले. काय पाहावयाचे हे ज्याला ठाऊक असते तोच पाहतो.

४

आता परिणामाकडे वळू. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाईडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरून मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. पाणी कसे शिरले ह्याबद्दल दोन मते पुढे आली. नळ धुताना ते शिरले, हे एक मत. एका असंतुष्ट कामगाराने ते मुद्दाम सोडले, हे कंपनीने मांडलेले दुसरे. म्हणजे ‘अपघात की घातपात?’ हाच प्रश्न. परंतु घटकाभर दुसरे मत खरे धरले तरी शीतकरणयंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारे उपकरण सिद्ध स्थितीत नव्हते. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. बारीकसारीक गळतीने शेजारी घाबरू नयेत, अशी त्यामागील कारखान्याची रीत होती. तोंडावर ओले फडके धरावे व वाऱ्याला आडवे होऊन दूर जावे, एवढी सूचनाही लोकांना कोणी दिलेली नव्हती. माणसे मेली ती ह्या सर्वांमुळे, आणि ह्यांपैकी एकही गोष्ट पाणी सोडणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नव्हती.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेस्ट नावाच्या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खताच्या गुदामाला आग लागून अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला व १५ माणसे मेली. आग कशी लागली हे रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाला निश्चित सांगता आले नाही. दुसऱ्या एका केंद्रीय यंत्रणेने २०१६ साली ती मुद्दाम लावल्याचे जाहीर केले. मृतांत बहुसंख्य आग विझविण्यास व मदतीस धावलेले लोक होते. आपण कशाजवळ उभे आहोत ह्याची पुरती कल्पना त्यांना नव्हती. आग लावणारा होता किंवा नव्हता, ह्या प्रश्नाचे उत्तर काहीही असो, त्यांच्या मृत्यूचे कारण बदलत नाही.

ह्यावरून भेदाची सीमा निश्चित करता येते. कारणाच्या शोधात अपघात व घातपात हे वेगळे ठेवलेच पाहिजेत. पहारा व देखभाल ही दोन वेगळी शास्त्रे आहेत आणि दोषींना शासन करावयाचे तर हेतू सिद्ध व्हावाच लागतो. परिणामाच्या बाजूस मात्र हा भेद लोपतो. वायू हवेपेक्षा जड असला तर तो सखल भागातच साचतो. तो कोणी सोडला हे त्याला ठाऊक नसते. मराठीतील ‘सुरक्षा’ हा एकच शब्द परिणामाच्या ह्या ऐक्याला धरून आहे. तेवढ्यापुरता तो दोष न मानता गुण मानावा, असे आम्हांस वाटते.

५

ह्या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व येते ते माहितीच्या प्रश्नामुळे. अपघात टाळण्याचे शास्त्र सांगते, ‘शेजाऱ्यांना सांगा.’ घातपात टाळण्याचे शास्त्र सांगते, ‘कोणालाही सांगू नका.’ आणि दोघेही ‘सुरक्षे’च्याच नावाने बोलतात.

सांगण्याच्या बाजूने आपल्याकडील कायदा स्पष्ट आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन ४१-ब हे कलम आले. धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्याने तिची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला व आसपासच्या जनतेला द्यावी, असे त्याने ठरविले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांपैकी १५ वा नियम अधिक नेमका आहे : मोठ्या अपघाताने ज्यांना बाधा पोहोचू शकेल अशा कुंपणाबाहेरील व्यक्तींना धोक्याचे स्वरूप व प्रसंगी काय करावे, काय करू नये, हे सांगितले पाहिजे. १९९६ च्या नियमांनी स्थानिक संकट गट निर्माण केले. त्यांत सरपंचांसारखे लोकनेते व स्थानिक वृत्तपत्राचा संपादक ह्यांनाही जागा आहे. म्हणजे कायद्याने शेजाऱ्याला केवळ श्रोता मानलेले नाही, सहभागी मानले आहे.

ह्यावर आक्षेप असा घेतला जातो की, शेजाऱ्याला जे कळते ते शत्रूलाही कळते. आक्षेप पोकळ नाही. किती टाक्या कोठे आहेत, कोणत्या वेळी पहारा बदलतो, कोणती झडप बंद केली असता शीतकरण थांबते, हे वेशीवर टांगणे कोणीही मान्य करणार नाही. अमेरिकेत १९९९ साली कायदा होऊन सर्वांत वाईट अपघाताच्या परिणामांचे तपशील संगणकजालावर ठेवण्यास बंधन आले. ते विशिष्ट वाचनकक्षांत जाऊन पाहता येतील व टिपणे घेता येतील, पण प्रती काढता येणार नाहीत, अशी व्यवस्था झाली. ही तडजोड परिपूर्ण नसली तरी तीत एक तत्त्व आहे. माहिती एकजिनसी नसते. तिचे भाग पाडता येतात.

ते भाग कसे पाडावेत ह्यासाठी पुढील कसोटी सुचवावीशी वाटते. जी माहिती ‘आत कसे शिरावे व कोठे घाव घालावा’ हे सांगते, ती मर्माची माहिती. ती गुप्त असावी. जी ‘बाहेर काय येईल व आपण काय करावे’ हे सांगते, ती परिणामाची माहिती; ती उघड असावी. दुसऱ्या प्रकारची माहिती लपविल्याने घातपात्याचे फारसे अडत नाही. क्लोरीन वा अमोनिया वाहून नेणाऱ्या टँकरवर द्रव्याचे नाव, त्याचे धोक्याचे चिन्ह व आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक लिहिणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांनीच आवश्यक केले आहे. महामार्गावर जे कोणीही वाचू शकतो ते कारखान्याच्या शेजारच्या वाडीपासून लपविण्यात अर्थ नाही. घातपाती सवडीने माहिती मिळवू शकतो. शेजाऱ्याला त्या रात्री सवड मिळत नाही.

६

माहिती उघड असणे आणि ती पोहोचणे ह्यांत अंतर आहे, व येथे भाषाभ्यासकाचे काम सुरू होते. ‘धोका’ ह्या एकाच शब्दावर मराठी फलक द्रव्याचा अपायगुण, शत्रूचे भय, अनर्थाचा संभव व प्रत्यक्ष संकट एवढ्या सर्वांचा भार टाकतात. शिवाय हिंदी भाषकाच्या कानी ‘धोका’ म्हणजे फसवणूक. विजेच्या खांबांवर ‘धोका’ व ‘खतरा’ हे दोन्ही शब्द असतात ते योग्यच आहे. परप्रांतीय कामगार असलेल्या औद्योगिक वसाहतींत ह्या साध्या काळजीची गरज अधिक आहे. रसायनांची माहितीपत्रके तर बहुधा इंग्रजीतच येतात. ज्याला ती वाचता येत नाहीत त्याच्या दृष्टीने ती गुप्तच होत. गुप्ततेचा हा प्रकार कोणत्याही कायद्याने ठरविलेला नसूनही सर्वांत व्यापक आहे.

उत्तम इशारा कसा असतो हे कोकणच्या किनाऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोळ्याला पुरते. वादळाचा केंद्रबिंदू, हवेचा दाब ह्यांपैकी काहीही त्यात नाही. होडी बाहेर काढावयाची नाही, एवढे कर्तव्य मात्र आहे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गाचेही तसेच. कड्यातून उतरून खडकांवरून जाणारी ती वाट ओहोटीला चालावयाची व भरतीला टाळावयाची, हे गावातील मूलही सांगते. परक्या यात्रेकरूने हे न ऐकल्यामुळे जे अनर्थ होतात ते वाटेच्या दोषाने होत नाहीत. ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून ते दुसऱ्यापर्यंत न पोहोचल्यामुळे होतात. परिणामाची माहिती द्यावयाची ती अशी : स्थळ, काळ व कृती सांगणारी. तिच्यात मर्माचा एक शब्दही येत नाही.

हरिहरेश्वरला कोणताही रासायनिक कारखाना नाही, म्हणून ह्या चर्चेशी त्या गावाचा संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध नदीचा आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाडवरून वाहत येऊन हरिहरेश्वर व बाणकोट ह्यांच्यामध्ये समुद्राला मिळते. आणि महाडच्या औद्योगिक क्षेत्रात रसायनांचे व औषधांचे अनेक कारखाने आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट व आग होऊन ११ कामगार दगावले. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. तेथे सुटलेला वायू हरिहरेश्वरला पोहोचेल असे कोणी म्हणणार नाही. परंतु १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गुदामाला आग लागली, तेव्हा ती विझविण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशके घेऊन ऱ्हाईन नदीत गेले व खाली दूरपर्यंत मासे मेले. आग शमली आणि अनर्थ नदीने पुढे नेला.

प्रचलित मूल्यमापन मुख्यतः वर्तुळे काढते : कारखाना मध्यभागी, त्याभोवती इतक्या अंतरापर्यंत घातक प्रभाव. वायूच्या व स्फोटाच्या दृष्टीने ते योग्य आहे. नदी मात्र वर्तुळ मानीत नाही. खाडीत जाळे टाकणारा बागमांडल्याचा किंवा हरिहरेश्वरचा माणूस प्रत्येक वर्तुळाच्या बाहेर आणि नदीच्या शेवटी उभा आहे. १५ व्या नियमातील ‘बाधा पोहोचू शकेल अशा व्यक्ती’ ह्या शब्दांचा अर्थ वर्तुळाने लावला तर तो वगळला जातो, नदीने लावला तर त्याचा समावेश होतो. हा वरवर शब्दार्थाचा प्रश्न आहे. मात्र पाणी केव्हा भरू नये व मासळी केव्हा विकू नये, हे एका कुटुंबाला वेळेवर कळणार की नाही, ते त्यावर ठरते.

७

वरील चर्चेचा निष्कर्ष थोडक्यात असा. हेतूविषयीचे अनुमान अविश्वसनीय असल्यामुळे मूल्यमापनाची सुरुवात परिणामापासून व्हावी, भयापासून नव्हे. परिणामाचा हिशेब अपघातासाठी व घातपातासाठी एकच असावा, आणि त्यावर आधारलेली शेजाऱ्यांसाठीची सूचनाही एकच असावी. गुप्तता मर्मापुरती असावी. नियमांप्रमाणे कारखान्यांतर्गत योजनेची सहा महिन्यांतून एकदा व बाह्य योजनेची वर्षातून एकदा तालीम व्हावयाची असते. तिच्यात नदीच्या खालच्या गावांनाही स्थान असावे व तिची भाषा बावट्यासारखी असावी. परिभाषेच्या बाबतीत ‘सुरक्षा’ व ‘सुरक्षितता’ असा भेद कारणांच्या क्षेत्रात जरूर करावा. परिणामांच्या क्षेत्रात तो नेऊ नये.

शेवटी ‘जोखीम’ ह्या शब्दाविषयी. ज्याच्याजवळ दागिना किंवा रोकड आहे त्याच्याविषयी आपण म्हणतो, ‘त्याच्यापाशी जोखीम आहे.’ संभाव्य हानी, सांभाळण्यास दिलेली मौल्यवान वस्तू व ती सांभाळण्याची जबाबदारी असे तिन्ही अर्थ मराठीने ह्या एका शब्दात ठेवले आहेत. कारखान्याच्या शेजारची व नदीच्या खालची गावे दुसऱ्याची जोखीम आपल्या दारात ठेवून घेत असतात. ती ठेवून घेणाऱ्याने आत काय आहे असे विचारले, तर त्याला संशयित समजण्याचे कारण नाही. ती जोखीम सांभाळण्यात त्याचाही वाटा आहे.